पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत: स्पायनल कॉर्डमधले संवेदनांचे रस्ते कागदावर कसे काढायचे आणि पेशंटवर कसे वाचायचे

स्पायनल कॉर्ड म्हणजे पाठीच्या मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू, आणि ट्रॅक्ट्स म्हणजे त्यातून वर-खाली जाणारे तारांचे रस्ते. ट्रॅक्ट्स म्हटलं की फर्स्ट इयरच्या पोरांना घाम फुटतो, मग ती एमबीबीएसची असोत, फिजिओची असोत नाहीतर बीएएमएसची. पुस्तकात कॉर्डचा आडवा छेद असतो, त्यात दहाबारा रंगीत ठिपके, प्रत्येकाला एक लांबलचक नाव, आणि पोरं बिचारी ते ठिपके पाठ करत बसतात. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी सगळं साफ. माझं म्हणणं असं की नावं नंतर येतील, आधी प्रत्येक रस्त्याला एकच प्रश्न विचारा: बाबा रे, तू बाजू कुठे बदलतोस? शरीराच्या उजव्या बाजूची बातमी मेंदूच्या डाव्या बाजूला जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती मधली रेघ कुठल्या मजल्यावर ओलांडते यावरच पुढचं सगळं निदान उभं आहे.

एक कोरा कागद घ्या, एक निळं पेन, एक लाल, आणि एक पेन्सिल. हा लेख वाचता वाचता काढायचा आहे, नुसता वाचून उपयोग नाही.

पायरी १: सांगाडा काढा

पेन्सिलने कागदाच्या मधोमध वरून खाली एक तुटक रेघ मारा, ही मधली रेघ. त्या रेघेवर खालून वर चार गोल काढा: सगळ्यात खाली कमरेच्या पातळीची कॉर्ड, त्यावर मानेच्या पातळीची कॉर्ड, त्यावर मेड्युला, म्हणजे मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग, आणि त्यावर थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या आतलं संवेदनांचं जंक्शन. अगदी वर टोपीसारखा एक अर्धगोल, तो कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर.

कॉर्डच्या दोन्ही गोलांत इंग्रजी एच सारखा आकार काढा, तो करड्या रंगाचा भाग, तिथे पेशी असतात, आणि बाहेरचा पांढरा भाग म्हणजे नुसत्या तारा. एचच्या वरच्या टोकांना पाठीची बाजू धरायची आणि खालच्या टोकांना पोटाची. इथे एक घोळ होतो तो आधीच सांगून ठेवतो, पुस्तकात पाठ वर असते पण एमआरआयच्या आडव्या फोटोत पाठ खाली असते, त्यामुळे फिल्म बघताना हा कागद मनातल्या मनात उलटा करावा लागतो.

मोठ्या माणसात कॉर्डची लांबी साधारण 42 ते 45 सेंटिमीटर असते, जाडी जेमतेम करंगळीएवढी, आणि कॉर्ड कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपते. खाली मणके आहेत, पण कॉर्ड नाही, फक्त नसांचा झुबका लोंबत असतो. म्हणून तर पाठीतून पाणी काढताना सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या लंबर मणक्यांच्या मधून घालतात. लोकांना वाटतं त्या सुईने कॉर्डला धक्का लागेल, पण तिथे कॉर्डच नसते.

नसांच्या जोड्या 31. मानेच्या 8, छातीच्या 12, कमरेच्या 5, सॅक्रमच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) 5 आणि माकडहाडाची 1. मानेचे मणके सात आणि नसा आठ, कारण पहिली नस पहिल्या मणक्याच्याही वरून निघते.

पायरी २: बातमी आत कुठून शिरते

खालच्या गोलाच्या उजव्या बाजूला, पाठीच्या टोकाशी, बाहेर एक फुगीर गाठ काढा. ही डॉर्सल रूट गँगलिऑन. संवेदना आणणाऱ्या पहिल्या पेशीचं घर इथे आहे, कॉर्डच्या आत नाही बाहेर, आणि तिची एक तार त्वचेकडे जाते नि दुसरी कॉर्डमध्ये. संवेदना मागच्या मुळातून आत, हालचालीचे हुकूम पुढच्या मुळातून बाहेर. चार्ल्स बेलने 1811 मध्ये आणि फ्रान्स्वा मॅजेंडीने 1822 मध्ये केलेल्या प्रयोगांतून हे पुढे आलं, म्हणून दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, पण मागचं मूळ संवेदनेचं हे नीट दाखवलं ते मॅजेंडीने.

ही गाठ म्हणजे काय ते बघायचं असेल तर नागीण झालेला पेशंट आठवा. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो व्हायरस या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दडून बसतो, आणि म्हातारपणी किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्याच गाठीतून उठून त्याच नसेवरनं त्वचेपर्यंत येतो. पुरळ छातीवर पट्ट्यासारखं उठतं, पाठीच्या मणक्यापासून सुरू होऊन पुढे बरोबर मधल्या रेघेवर थांबतं. आपल्याकडे म्हणतात ना, नागिणीने पूर्ण वेढा घातला की माणूस दगावतो. अहो, वेढा सहसा पूर्ण होतच नाही, कारण एका बाजूची नस शरीराच्या दुसऱ्या बाजूला जातच नाही.

एका नसेचा त्वचेवरचा जो पट्टा असतो त्याला डर्माटोम म्हणतात. सगळे पाठ करू नका, एवढे पुरे (सी म्हणजे मानेची नस, टी छातीची, एल कमरेची, एस सॅक्रमची, आणि पुढचा आकडा तिचा क्रमांक): अंगठा सी6, मधलं बोट सी7, करंगळी सी8, स्तनाग्राची ओळ टी4, बेंबी टी10, जांघ एल1, पायाच्या अंगठ्याची वरची बाजू एल5, पावलाची बाहेरची कड एस1, आणि बसायची जागा एस3 ते एस5.

पायरी ३: दारातच वाटणी होते

मूळ कॉर्डमध्ये शिरतं तिथेच तारांची वाटणी होते आणि ती जाडीवरनं होते. जाड, चरबीचं आवरण असलेल्या ए-बीटा तारा नाजूक स्पर्श, थरथर आणि सांध्यांची स्थिती आणतात, वेग सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर. बारीक ए-डेल्टा तारा टोचल्याची झटकन कळणारी वेदना आणि गारवा आणतात, 5 ते 30 मीटर. आणि सगळ्यात बारीक, आवरण नसलेल्या सी तारा, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या वेगाने.

पायाचं बोट पलंगाच्या पायावर आपटलं की काय होतं आठवा. आधी एक कळ जाते, ती ए-डेल्टाची. मग एक क्षण असा येतो की आपल्याला माहीत असतं आता खरं दुखणार आहे, आणि मग ती ठसठस येते, ती सी तारांची. पायाच्या बोटापासून कॉर्डपर्यंत एक मीटरच्या वर अंतर आहे, सेकंदाला एक मीटरने येणाऱ्या बातमीला तेवढा वेळ लागणारच. तारांच्या जाडी आणि वेगाच्या या फरकांवरच्या कामासाठी अर्लँगर आणि गॅसर यांना 1944 चं नोबेल मिळालं.

आता कागदावर: जाड तारांसाठी निळं पेन, बारीक तारांसाठी लाल.

पायरी ४: निळी रेघ, जी उशिरा बाजू बदलते

उजव्या गाठीतून निळी रेघ कॉर्डमध्ये आणा, करड्या भागात न थांबवता तिला पाठीकडच्या पांढऱ्या भागात, मधल्या रेघेच्या अगदी शेजारी उजवीकडेच ठेवा आणि सरळ वर न्या. मानेच्या गोलातही उजवीकडेच. मेड्युलापर्यंत तीच पेशी, तीच तार. पायाच्या अंगठ्यापासून मेड्युलापर्यंत एकच पेशी, उंच माणसात दीड मीटरच्या आसपास लांब, मला तरी हे दर वेळी नवल वाटतं.

मेड्युलात पहिला थांबा, ग्रॅसिलिस आणि क्युनिएटस नावाची दोन केंद्रं. तिथे दुसरी पेशी सुरू होते आणि ती लगेच मधली रेघ ओलांडून डावीकडे जाते. तिथून मिडियल लेम्निस्कस नावाने डाव्या थॅलॅमसला, तिथे तिसरी पेशी, आणि ती डाव्या कॉर्टेक्सला. म्हणजे संपूर्ण कॉर्डभर ही रेघ आपल्याच बाजूला आहे. इथे निळ्या पेनाने मोठ्ठी फुली मारा, मेड्युलाच्या गोलात.

रचना कशी, तर लोकलमध्ये आधी चढलेला माणूस आत सरकतो नि नंतरचे दाराजवळ उभे राहतात तसं. पायाच्या तारा सगळ्यात खालून येतात म्हणून त्या मधल्या रेघेला चिकटून, आणि हाताच्या वरून येतात म्हणून बाहेरच्या बाजूला. टी6 च्या खालचं सगळं आतल्या ग्रॅसिलिसमध्ये, त्याच्या वरचं बाहेरच्या क्युनिएटसमध्ये.

पायरी ५: लाल रेघ, जी आल्या आल्या बाजू बदलते

आता खरी मजा. लाल रेघ त्याच उजव्या गाठीतून आत आणा. ती आधी लिसाउरच्या पट्ट्यात, म्हणजे मागच्या टोकाशी असलेल्या बारीक पट्टीत, एक-दोन सेगमेंट (नसांच्या एका जोडीचा कॉर्डमधला तुकडा म्हणजे एक सेगमेंट) वर किंवा खाली सरकते, हे बारीक वाटतं पण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग करड्या भागाच्या मागच्या टोकात थांबते, तिथे पेशी बदलते आणि ही दुसरी पेशी तिथल्या तिथेच, मधल्या कालव्याच्या पुढून, मधली रेघ ओलांडून डावीकडच्या पुढच्या-बाजूच्या पांढऱ्या भागात जाते. हा स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट. मग डाव्या बाजूनेच मान, मेड्युला, थॅलॅमस, कॉर्टेक्स. लाल फुली खालच्या गोलातच.

इथे रचना उलटी आहे. नवीन येणाऱ्या तारा आतून जोडल्या जातात, म्हणून पायाच्या तारा बाहेरच्या काठाला ढकलल्या जातात आणि हाताच्या आत राहतात.

हा रस्ता वेदनेचा आहे याचा सगळ्यात थेट पुरावा ऑपरेशनचा. 1912 मध्ये स्पिलर आणि मार्टिन यांनी अमेरिकेतून कॉर्डचा हाच पुढचा-बाजूचा भाग कापून असह्य वेदना थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. दुखणं उजव्या पायात असेल तर कापायचं डावीकडे.

मागच्या टोकात जिथे लाल तार पेशी बदलते तिथे अजून एक गंमत घडते. जाड निळ्या तारा वर जाता जाता इथे फांद्या देऊन जातात, आणि त्या फांद्या आतल्या अडवणाऱ्या पेशींना जागं करून लाल बातमी दाबतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये गेट कंट्रोलची जी कल्पना मांडली ती ही, तपशील नंतर बदलले पण गाभा टिकला. टेंगूळ आलं की आई हाताने चोळते ते याचंच, आणि फिजिओकडे टेन्सचं, म्हणजे त्वचेवरून हलका करंट देणारं, मशीन लावतात तेही मुख्यतः याच तत्त्वावर.

तिसरा रस्ता सेरेबेलमचा, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ सांभाळणाऱ्या लहान मेंदूचा, स्पायनोसेरेबेलर. स्नायू किती ताणले आहेत याची बातमी, पण ती आपल्याला जाणवत नाही, थॅलॅमसकडे जातच नाही. मुख्य गोष्ट एवढीच की ती शेवटी आपल्याच बाजूच्या सेरेबेलमला पोचते. परीक्षेपुरता वाचा, वॉर्डात त्याची वेगळी तपासणी कोणी करत नाही. आणि चेहऱ्याची संवेदना कॉर्डमधून येत नाही, ती ट्रायजेमिनल नसेची, तिला या कागदावर घेऊ नका.

पायरी ६: मित्राला झोपवा आणि तपासा

लाल रस्त्यासाठी टाचणी. इंजेक्शनची सुई वापरू नका, ती त्वचा कापते. प्रत्येकाला नवी टाचणी, वापरून झाली की फेकायची. आधी छातीच्या हाडावर टोचून दाखवा, हे टोचणं म्हणजे काय ते, मग डोळे मिटायला सांगा आणि टोचतंय की बोथट लागतंय एवढंच विचारा. बधीर भागापासून चांगल्या भागाकडे या, उलटं नको, कारण माणसाला बोथटातून टोचायला लागलं ते पटकन कळतं.

निळ्या रस्त्यासाठी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवा, थरथर कळतेय का विचारा आणि थांबली की सांगायला सांगा. मध्येच एकदा गुपचूप हाताने थांबवून बघा, बरेच जण नुसता दाब लागला तरी हो म्हणतात. कळत नसेल तर वर सरका, घोटा, नडगी, गुडघा, कमरेचं हाड.

मग सांध्याची स्थिती. अंगठा दोन्ही बाजूंनी पकडायचा, वरून-खालून नाही, नाहीतर बोटाच्या दाबावरून पेशंट ओळखतो. अगदी थोडा वर किंवा खाली हलवायचा आणि दिशा विचारायची.

कापसाचा स्पर्श सगळे आधी करतात, पण स्पर्श दोन्ही रस्त्यांनी जातो त्यामुळे एक रस्ता बंद पडला तरी तो बऱ्यापैकी शिल्लक राहतो. कापसावर विसंबून निष्कर्ष काढू नका.

शेवटी रोम्बर्गची तोलाची चाचणी. पाय जुळवून उभं करा, तुम्ही शेजारी हात पसरून थांबा, मग डोळे मिटायला सांगा. उघड्या डोळ्यांनी ठीक आणि मिटल्यावर झोकांडी गेली तर पॉझिटिव्ह, म्हणजे निळ्या रस्त्यात बिघाड. उघड्या डोळ्यांनीच डुलत असेल तर ती रोम्बर्ग नव्हे, सेरेबेलमकडे बघा. असे पेशंट स्वतःच सांगतात बरं का, फक्त ऐकावं लागतं: कापसावर चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो.

पायरी ७: कागद कापा

आता डाव्या पायाचे रस्तेही त्याच दोन रंगांत काढा, मग कात्री घेतलीत तरी चालेल. कमरेच्या आणि मानेच्या गोलांच्या मध्ये, समजा टी8 ला, फक्त डावा अर्धा भाग कापा. काय तुटलं ते बघा. डाव्या पायाची निळी रेघ तुटली, म्हणून डाव्या पायात थरथर आणि स्थिती कळत नाही. उजव्या पायाची लाल रेघ आधीच डावीकडे आलेली होती, तीही तुटली, म्हणून उजव्या पायात टोचलेलं आणि गरम-गार कळत नाही. शिवाय हालचालीची तार डाव्या बाजूची गेली म्हणून डावा पाय लुळा. लुळा पाय एक आणि बधीर पाय दुसरा, ही भानगड मॉरिशसमध्ये 1817 साली जन्मलेल्या ब्राउन-सेकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्राण्यांच्या कॉर्ड अर्ध्या कापून दाखवली. आणि लिसाउरचा पट्टा आठवतो ना? त्यामुळे उजवीकडचा बधिरपणा टी8 ला सुरू न होता एक-दोन सेगमेंट खाली, साधारण बेंबीच्या आसपास सुरू होतो. संपूर्ण ब्राउन-सेकार्ड क्वचित दिसतो, अर्धवट जास्त.

दुसरा काप: कॉर्डच्या बरोबर मध्यभागी, मानेच्या गोलात, एक भोक पाडा. हा सिरिंगोमायेलिया, आतला कालवा फुगतो. फक्त त्या पातळीवर क्रॉस होणाऱ्या लाल तारा तुटतात, दोन्ही बाजूंच्या. दोन्ही हात आणि खांद्यांवर जॅकेट घातल्यासारखा भाग, तिथे टोचलेलं कळत नाही पण स्पर्श कळतो, पाय ठीक. भाकरी करता करता बाईची बोटं तव्याला लागून भाजतात आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. कुष्ठरोगातही चटके कळत नाहीत, पण तिथे बिघाड बाहेरच्या नसांत असतो, चट्टा दिसतो, कोपराजवळची नस हाताला जाड लागते.

तिसरा काप: फक्त पाठीकडची निळी पट्टी खरवडा. आपल्याकडे याचं रोजचं कारण बी12 ची कमतरता, कट्टर शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, पोटाचं ऑपरेशन झालेले. पायाची थरथर आधी जाते. पुढे हालचालीच्या ताराही पकडल्या जातात. इथे दोन गोष्टी लिहून ठेवा, हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी कॉर्ड खराब होत असू शकते, आणि नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर रक्त सुधारतं पण कॉर्डचं नुकसान चालूच राहतं.

चौथा: पुढची रक्तवाहिनी बंद पडली तर पुढचा दोन तृतीयांश भाग जातो, लाल रस्ता आणि हालचाल गेली, निळा शिल्लक. पेशंट पाय हलवू शकत नाही पण अंगठा वर केलाय की खाली हे बरोबर सांगतो.

पायरी ८: पातळी सांगताना होणारे घोळ

पहिला घोळ, मणका आणि सेगमेंट एक नव्हेत. कॉर्ड वरच संपते म्हणून बाराव्या छातीच्या मणक्याच्या आसपास कमरेचे आणि सॅक्रमचे सेगमेंट दाटीवाटीने बसलेले असतात. टी12 चा मणका मोडला तर पाय आणि लघवी दोन्ही जाऊ शकतं.

दुसरा घोळ जास्त महाग पडतो. लाल रस्त्यात पायाच्या तारा बाहेरच्या काठाला आहेत, त्यामुळे मानेत बाहेरून दाब आला, मग तो गाठीचा असो, मणक्याच्या टीबीचा असो की सरकलेल्या गादीचा (दोन मणक्यांमधल्या डिस्कचा), तर बधिरपणा आधी पायात येतो आणि हळूहळू वर चढतो. पेशंट बेंबीच्या खाली बधीर म्हणतो, सगळे कमरेचा एमआरआय करतात, तो नॉर्मल येतो. बधिरपणाची रेघ जिथे आहे तिथे किंवा त्याच्या वर कुठेही बिघाड असू शकतो, खाली मात्र नाही. कॉर्डचा संशय असेल तर मान आणि छाती दोन्हीची फिल्म मागा. याच्या उलट दाब आतून असेल तर बसायच्या जागेची संवेदना शेवटपर्यंत टिकते.

तिसरा, घरोघरी ऐकू येणारा: मणक्यात गॅप आलाय. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली तर ती कॉर्डला लागूच शकत नाही, कारण तिथे कॉर्ड नाही, ती बहुधा एल5 च्या मुळाला लागते आणि अंगठ्याकडे मुंग्या येतात. त्याच्या खालची सरकली तर एस1, पावलाची बाहेरची कड.

पण गादी मोठी असेल आणि मधोमध सरकली तर सगळा झुबका दाबला जातो, आणि इथे लाजून चालत नाही. दोन्ही पायांत कळा असलेल्या प्रत्येक पेशंटला विचारायचं, लघवी अडते का, झाल्याचं कळतं का, संडास धुताना हात लागलेला जाणवतो का, आणि परवानगी घेऊन, आडोसा करून, सोबत कोणीतरी ठेवून टाचणी बसायच्या जागेपर्यंत न्यायची. तिथे बोथट लागलं तर सकाळी बघू म्हणू नका, त्याच रात्री एमआरआय आणि सर्जन.